ईएल८४ चा छोटा अँप आणि टेबलावरची पुस्तकं : प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४

घरी व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) छोटा ऑडिओ अँप्लिफायर बांधतोय, आजपासून त्याच्या नोंदी ठेवतोय. एक ईसीसी८३ (आधी सिग्नल वाढवणारा व्हॉल्व्ह), एक ईएल८४ (स्पीकरला ताकद देणारा), सिंगल एंडेड म्हणजे आउटपुटला एकच व्हॉल्व्ह, आधी एकच चॅनल. ऐकायचं बरंचसं मोनोच आहे, इथं मिरजेत राहून खाँसाहेब अब्दुल करीम खाँची जुनी रेकॉर्डिंगं ऐकायची तर दोन चॅनलची घाई कशाला. व्हॉल्व्ह हातात आहेत, एका मोडक्या रेडिओतून काढलेला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईएल८४ आणि कुरिअरने मागवलेला नवा ईसीसी८३.

तयार सर्किट कॉपी करायचं नाही एवढं पक्कं केलंय. कॉपी करून वाजेल, पण १०० के (किलोओहम) च्या जागी १०० के च का हे कळणार नाही आणि मला तेच कळून घ्यायचंय. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, ओहमचा नियम रोज फळ्यावर असतो, पण व्हॉल्व्ह आमच्या शिक्षणात कधी आलाच नाही, थेट ट्रान्झिस्टरपासून सुरुवात. म्हणून हे पुस्तकांतूनच शिकायचं. एक दोनशे पानी वही घेतलीय, प्रत्येक रेझिस्टर-कपॅसिटरसाठी एक ओळ आणि तीन रकाने : व्हॅल्यू किती, कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावरून आली, आणि मोजल्यावर किती निघालं. तिन्ही रकाने भरल्याशिवाय तो भाग शिकलो असं म्हणायचं नाही.

२३ जून

पहिली चूक पुस्तक निवडण्यातच झाली. 'व्हॅक्यूम ट्यूब अँप्लिफायर्स' असं नाव बघितलं आणि दुसरं काही न बघता जुनी प्रत मागवली, व्हॅली आणि वॉलमन यांनी संपादित केलेलं, १९४८ चं. नाव अगदी मला हवं तेच! उघडल्यावर लक्षात आलं की हे एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीच्या मालिकेतला अठरावा खंड आहे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात रडारवर जे काम झालं त्याची नोंद. पल्स अँप्लिफायर, रुंद बँडविड्थ, नॉइज. स्पीकर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला) यांचा विषयच नाही.

पुस्तक थोर आहे यात शंका नाही, दोन रात्री मी नॉइजचा भाग नुसता वाचत बसलो होतो. पण ज्याला ईएल८४ च्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) किती ओहम लावायचे ते ठरवायचंय त्याला याचा आज उपयोग नाही. यापुढे पुस्तक घ्यायच्या आधी अनुक्रमणिका बघायची आणि आपला एक ठरलेला प्रश्न त्या पुस्तकाला विचारायचा. माझा प्रश्न आहे : 'सिंगल एंडेड आउटपुट ट्रान्सफॉर्मरला एअर गॅप (लोखंडी गाभ्यातली फट) किती?' ज्या पुस्तकात याचं उत्तर आकड्यात नाही ते माझ्या कामाचं पहिलं पुस्तक नव्हे.

३० जून

ओळखीने एका जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत बसायला मिळालं. मागच्या कपाटात टर्मनचं १९५५ चं 'इलेक्ट्रॉनिक अँड रेडिओ इंजिनिअरिंग' आणि मिलमनचं १९५८ चं व्हॅक्यूम ट्यूब आणि सेमीकंडक्टर एकत्र असलेलं पुस्तक मिळालं. दोन्ही परीक्षेसाठी लिहिल्यासारखी शिस्तीत आहेत. व्हॉल्व्हच्या आत इलेक्ट्रॉनचं काय होतं, ग्रिड (मधली जाळी) थोडी निगेटिव्ह केली की प्लेटचा (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकाचा) करंट का कमी होतो, ईएल८४ सारख्या पेंटोडमध्ये स्क्रीन ग्रिड ही आणखी एक जाळी कशाला लागते, हे मिलमनकडून जितकं स्वच्छ कळलं तितकं दुसरीकडे नाही. पण बाजारात मिळणारा रेझिस्टर आणि हातातला सोल्डरिंग गन यांच्याशी या पुस्तकांची गाठ पडत नाही.

मॉर्गन जोन्सचं 'व्हॉल्व्ह अँप्लिफायर्स' विकत घेतलं, चौथी आवृत्ती. महाग पडलं, घरी सांगून घेतलं. हे बांधणाऱ्या माणसाचं पुस्तक आहे, कपॅसिटर कुठल्या जातीचा का घ्यायचा इथपर्यंत येतं. पहिल्या वाचनात मात्र मी शंभर-सव्वाशे पानांनंतर दमलो, कारण तो एकाच टप्प्याला दहा पर्याय दाखवतो आणि माझ्याकडे निवडायला अजून काही आधारच नाही.

आज एक काम बरं झालं, शब्दांची यादी. अमेरिकन पुस्तकात प्लेट, ब्रिटिश पुस्तकात अ‍ॅनोड. प्लेटला पुरवायचं मोठं डीसी व्होल्टेज तिकडे बी प्लस, इकडे एचटी. तिकडचा १२एएक्स७ तोच इकडचा ईसीसी८३, ६बीक्यू५ म्हणजेच ईएल८४. अमेरिकन ट्यूब मॅन्युअलमध्ये १६०० मायक्रोम्हो लिहिलेलं तेच युरोपच्या डेटाशीटमध्ये १.६ मिलिअँप पर व्होल्ट (ग्रिडच्या एका व्होल्टला प्लेटचा करंट किती बदलतो). जुन्या पुस्तकात µ हे अक्षर दोनदा लिहून पुढे एफ असेल तर ते पिकोफॅरड, आणि सी/एस म्हणजे आपलं हर्ट्‌झ. यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली. आमच्या परिभाषाकोशात निर्वात नलिका असा शब्द आहे पण रेडिओ दुरुस्त करणारा एकही माणूस तो वापरत नाही, वहीत व्हॉल्व्हच लिहिलंय.

७ जुलै

लोडलाइन. दिलेल्या लोडवर व्हॉल्व्हचे व्होल्ट आणि करंट यांच्या शक्य जोड्या दाखवणारी आलेखावरची रेघ. यावर अख्खा रविवार गेला आणि अजिबात वाईट वाटत नाहीये.

ईसीसी८३ च्या डेटाशीटवरचे वक्र झेरॉक्सवाल्याकडून ए३ वर मोठे करून आणले, वर बटर पेपर ठेवला. एचटी २५० व्होल्ट धरली, प्लेटला १०० के. करंट शून्य असेल तर सगळे २५० व्होल्ट प्लेटवर, म्हणून एक टिंब आडव्या अक्षावर २५० ला. व्हॉल्व्ह पूर्ण शॉर्ट धरला तर २५० भागिले १०० के, म्हणजे २.५ मिलिअँप, दुसरं टिंब उभ्या अक्षावर. दोन टिंबं पट्टीने जोडली, झाली लोडलाइन.

आता कॅथोड रेझिस्टर १.५ के धरला. ग्रिड उणे १ व्होल्ट हवी तर करंट ०.६७ मिलिअँप पाहिजे, उणे १.५ हवी तर १ मिलिअँप, उणे २ ला १.३३. ही तीन टिंबं त्या त्या ग्रिडच्या वक्रावर ठेवून जोडली की दुसरी रेघ तयार होते, आणि दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे व्हॉल्व्ह जाऊन बसणार. माझा छेद ०.८५ ते ०.९ च्या मध्ये कुठेतरी आला. मग डेटाशीटच्या मागच्या पानावरचं तयार टेबल उघडलं, २५० व्होल्ट, १०० के, १.५ के, करंट ०.८६ मिलिअँप! पेन्सिलीने काढलेलं आणि कारखान्याने छापलेलं जुळलं. प्लेट १६४ व्होल्ट, कॅथोड १.२९ व्होल्ट.

जोन्सच्या पुस्तकात हे आहे, मिलमनमध्येही आहे, पण माझ्या डोक्यात बसवलं ते मर्लिन ब्लेन्कोच्या गिटार प्रीअँपच्या पुस्तकाने. गिटारशी माझा काही संबंध नाही म्हणून ते मी बाजूलाच ठेवलं होतं, एका विद्यार्थ्याने आणून दिलं. तो एका वेळी एकच गोष्ट घेतो आणि ती आकृतीवर दाखवतो. सुरुवात करणाऱ्याने गिटार हा शब्द बघून ते पुस्तक टाळू नये.

१४ जुलै

गेनवर अडलो होतो. गेन म्हणजे सिग्नल किती पट होतो ते. सूत्र सगळ्या पुस्तकांत एकच, म्यू (व्हॉल्व्हची जास्तीत जास्त गेन) गुणिले लोड भागिले (लोड अधिक व्हॉल्व्हचा आतला रेझिस्टन्स). म्यू १००, लोड १०० के, आतला रेझिस्टन्स डेटाशीटवर ६२.५ के. उत्तर ६१.५ येतं. आणि त्याच डेटाशीटच्या टेबलात गेन ५४.५! एकाच कागदावर दोन उत्तरं, तीन दिवस हेच डोक्यात.

दोन कारणं सापडली आणि दोन वेगवेगळ्या पुस्तकांत सापडली म्हणून इथे लिहून ठेवतो. पहिलं, ६२.५ के हा आकडा १.२ मिलिअँप करंटचा आहे, मी चालवणार ०.८६ वर, करंट कमी झाला की आतला रेझिस्टन्स वाढतो. दुसरं, पुढच्या व्हॉल्व्हचा ग्रिड रेझिस्टर सिग्नलच्या दृष्टीने या १०० के ला समांतर येतो, टेबल ३३० के धरून केलेलं आहे, म्हणजे खरा लोड १०० के नाहीच, ७७ के च्या आसपास. हे टेबलाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं. डेटाशीट हे पहिलं पुस्तक, आणि ते तळटिपेपासून वाचायचं.

२८ जुलै

पाऊस थांबत नाहीये, कृष्णेचं पाणी वाढलंय, कॉलेजला सुट्टी. रेडिओट्रॉन डिझायनर्स हँडबुक उघडलं. लँगफर्ड-स्मिथ यांनी सिडनीत संपादित केलेला ग्रंथ, चौथी आवृत्ती पन्नासच्या दशकातली, पानं दीड हजाराच्या आसपास. स्कॅन प्रत प्रिंट करून चार भागांत स्पायरल बाइंडिंग करून घेतलीय. हे पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तर माणूस पाचव्या दिवशी सोडून देईल. याची गोडी शेवटच्या सूचीत आहे, आपला प्रश्न घेऊन सूचीत जायचं, दिलेली दोन-चार पानं वाचायची, आकडा वहीत घ्यायचा, पुस्तक मिटायचं.

माझा एअर गॅपचा प्रश्न इथे सुटला. पाचवं प्रकरण सगळं ट्रान्सफॉर्मर आणि लोखंडी गाभ्याच्या कॉइलवर आहे. सिंगल एंडेडमध्ये प्लेटचा डीसी करंट सतत प्रायमरीतून एकाच दिशेने वाहतो, त्याने गाभा आधीच अर्धा भरलेला असतो, त्यात सिग्नलचं फ्लक्स आलं की गाभा तुडुंब होतो. म्हणून पट्ट्यांमध्ये मुद्दाम फट ठेवायची. पुशपुलमध्ये (जिथे दोन आउटपुट व्हॉल्व्ह समोरासमोर असतात) दोन बाजूंचे डीसी एकमेकांना मारतात, तिथे ही भानगड नाही.

माझं गणित : ५ के प्रायमरी, ८ ओहम स्पीकर, ५००० भागिले ८ चं वर्गमूळ २५, म्हणून २८०० वेढे प्रायमरी, ११२ सेकंडरी. गाभा ५ चौरस सेंटिमीटर. डीसी ४८ मिलिअँप धरला तर १३४ अँपिअर-टर्न. एकूण फट ०.२ मिलिमीटर ठेवली तर डीसीचं फ्लक्स ८४०० गॉसच्या आसपास, ६० हर्ट्‌झला पूर्ण आवाजात सिग्नलचे ३८०० गॉस, दोन्ही मिळून बारा हजाराच्या थोडं वर. चालेल. इंडक्टन्स वीस हेन्रीच्या पुढे येतो.

स्कॅन वापरणाऱ्यांनी एक जपावं. जुन्या ब्रिटिश छपाईत दशांशाचं टिंब ओळीच्या मधोमध, बारीक असतं, आणि स्कॅनमध्ये ते उडून जातं. ४·७ चं ४७ होतं. मी एका ठिकाणी तसंच उतरवून घेतलं होतं, शेजारच्या उदाहरणाशी ताळा केला म्हणून सापडलं. तेव्हापासून स्कॅनमधला प्रत्येक आकडा एकदा आपल्या गणिताने काढूनच वहीत घेतो.

११ ऑगस्ट

वाइंडिंगला दिलं. ज्यांच्याकडे दिलं ते मुळात शेतीपंपाच्या मोटारी भरतात, पाणी ओसरलं की भिजलेल्या मोटारींची रांग लागते, म्हणून पंधरा दिवस थांबा म्हणाले. कागदावर वेढे, तारेचं गेज, प्रायमरीचे दोन भाग आणि मध्ये सेकंडरी, सगळं लिहून दिलं. गॅपबद्दल तोंडी सांगितलं.

२५ ऑगस्ट

ट्रान्सफॉर्मर आला, गुंडाळणी देखणी. ५ के आणि ८ ओहम तपासायला १२ व्होल्टचा एक छोटा ट्रान्सफॉर्मर प्रायमरीला जोडला, सेकंडरीला ०.४८ व्होल्ट मिळाले, म्हणजे पंचवीसास एक बरोबर.

पॉवर सप्लाय जोडून पहिल्यांदा एचटी लावली. एचटीवरून भलीमोठी शिस्त बांधणाऱ्यांच्या पुस्तकांत सांगितलीय आणि ती मी शब्दशः पाळतोय : मेनला शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, फिल्टर कपॅसिटरवर कायमचा ब्लीडर (साठलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर), बंद केल्यावर मीटरने शून्य दिसेपर्यंत आत हात नाही, चालू असताना मोजायचं तर एकच हात. या सूचना वाचताना डोळे पुढे पळतात, पळू देऊ नका. २८० व्होल्ट जीव घेतात.

आकडे. ईसीसी८३ च्या कॅथोडवर १.२४ व्होल्ट, पेन्सिलीच्या रेघेवरून १.२९ अपेक्षित. फार समाधान वाटलं.

ईएल८४ ने मात्र थांबवलं. डेटाशीटवर २५० व्होल्ट, ४८ मिलिअँप, म्हणजे प्लेटवर बरोबर १२ वॅट, आणि १२ हीच मर्यादा. कॅथोडला १३५ ओहम लावला होता, त्यावर ७.६ व्होल्ट आले. ७.६ भागिले १३५, ५६.३ मिलिअँप. त्यातला स्क्रीनचा वाटा ६ (स्क्रीनच्या १ के वर ६ व्होल्ट मोजले), राहिले ५०.३. प्लेट ते कॅथोड २६३ व्होल्ट. गुणाकार १३.२ वॅट! कारण दोन, जुन्या सर्किटात ईझेड८० व्हॉल्व्ह रेक्टिफायर असतो, तो स्वतःवर काही व्होल्ट खातो, मी सिलिकॉन डायोड लावलेत. आणि आमच्याकडे रात्री लाइन २४५ व्होल्टपर्यंत चढते, तेव्हा हीटरवर (कॅथोड तापवणाऱ्या तारेवर) ६.३ च्या जागी ६.७ येतात. पुस्तकात छापलेली व्हॅल्यू त्या पुस्तकाच्या लाइनसाठी असते. कॅथोडला २२० ओहम केला, ९.३ व्होल्ट, एकूण ४२.३ मिलिअँप, स्क्रीन वजा जाता ३७.९, प्लेटवर १०.२ वॅट. आता रात्रीची लाइन चढली तरी व्हॉल्व्ह सुरक्षित. आउटपुट थोडा कमी, ३ वॅटच्या आसपास. मलार्ड या ब्रिटिश व्हॉल्व्ह कंपनीच्या १९५९ च्या ऑडिओ अँप्लिफायरच्या पुस्तकातला ईएल८४ चा छोटा अँपही तीनच वॅटचा आहे, त्यांनाही व्हॉल्व्ह टिकवायचा असणार.

८ सप्टेंबर

घरी गणपती आहेत, टेबल आवरून ठेवलंय. एवढंच नोंदवतो की व्हॉल्यूमला रेडिओतला जुना १ मेगचा (दहा लाख ओहमचा) पॉट, म्हणजे फिरवून बदलायचा रेझिस्टर, लावला होता आणि वरचा आवाज दबलेला वाटत होता. मिलर कपॅसिटन्स! ईसीसी८३ ची ग्रिड ते प्लेट १.६ पिकोफॅरड, पण गेनने गुणली जाऊन वायरिंगसकट शंभरच्या आसपास होते, आणि १ मेगचा पॉट वाईटात वाईट जागी २५० के चा सोर्स होतो, तिथे सव्वासहा हजार हर्ट्‌झच्या आसपासच कात्री लागते. १०० के चा पॉट लावल्यावर ती कात्री साठ हजारांच्या वर गेली. ब्लेन्कोच्या पुस्तकातली तीन पानं, दहा मिनिटांचं काम.

१९ सप्टेंबर

विसर्जनाची मिरवणूक नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत चालली, आज जरा शांत. सतारमेकर गल्लीतल्या ओळखीच्या चाचांना ऐकायला बोलावलं होतं, त्यांच्याच दुकानात काळी एक ला लावलेला तंबोरा मी मोबाइलवर चांगल्या माइकने रेकॉर्ड केलेला, तो लावला. चाचा डोळे मिटून बसले. मी वाट बघतोय कौतुकाची.

"सर, जोड छान बोलतीय. जवारी पण कळतीय. खर्ज कुठं गेला पण?"

मी म्हटलं, "चाचा, स्पीकर लहान आहे, आठ इंची."

"स्पीकरचं मला काय माहीत नाही ओ. पण आधी तुमच्या त्या दुसऱ्या मशीनवर याच खोक्यात खर्ज होता, यात नाही."

बरोबर होतं त्यांचं. खर्ज म्हणजे तंबोऱ्याची सगळ्यात खालच्या सुराची तार. याच बॉक्सवर माझा ट्रान्झिस्टरचा अँप खर्ज देतो.

२२ सप्टेंबर

कॉलेजच्या लॅबमधला सीआरओ (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणि ८ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर घेऊन बसलो. काळी एक चा सा १३८.६ हर्ट्‌झ, खर्ज त्याच्या निम्मा, ६९.३. म्हणून ७० हर्ट्‌झ लावलं. १००० हर्ट्‌झला ५ व्होल्टपर्यंत लाट स्वच्छ, म्हणजे ३ वॅट. ७० ला १.४ व्होल्टच्या वर गेलं की लाटेचं एक टोक आत पिचकतं, एकाच बाजूचं. एका बाजूचं पिचकणं म्हणजे गाभा डीसीने भरलाय. रेडिओट्रॉनचं तेच पाचवं प्रकरण परत काढलं, आणि ट्रान्सफॉर्मरचं कव्हर उघडून पट्ट्या बघितल्या. एक ई इकडून, पुढची ई तिकडून, आलटून पालटून घातलेल्या, मेनच्या ट्रान्सफॉर्मरला घालतात तशा घट्ट. फट शून्य.

२९ सप्टेंबर

वाइंडिंगवाल्यांकडे गेलो. भांडायला नव्हे, पुस्तकाचं ते पान घेऊन.

"अहो सर, पट्ट्या आलटून पालटून न्हाई घातल्या तर ट्रान्सफॉर्मर वरडतंय की. आणि गरम बी हुतंय."

मेनच्या ट्रान्सफॉर्मरसाठी त्यांचं अगदी बरोबर आहे, तीस वर्षं तेच करतायत. मी म्हटलं, "मामा, याच्यातनं डीसी जातोय, मोटारीत किंवा मेनच्यात तो नसतो, म्हणून हा वेगळा." एका कागदावर दोन बाण काढून दाखवले, एक डीसीचा आणि एक सिग्नलचा. त्यांनी बाण बघितले, काही बोलले नाहीत, पण पोराला हाक मारली आणि पट्ट्या काढायला सांगितल्या. नशिबाने व्हार्निशमध्ये बुडवलेला नव्हता, नाहीतर पट्ट्या सुटणं मुश्किल.

सगळ्या ई एका बाजूने, सगळ्या आय दुसऱ्या बाजूने, मध्ये कागद. इथे माझी चूक होणार होती ती झालीच. मला फट ०.२ हवी, झेरॉक्सचा साधा कागद ०.१ चा, म्हणून मी दोन कागद घालायला सांगितले. घरी येऊन मोजलं, १००० हर्ट्‌झच्या तुलनेत ७० ला आउटपुट ०.७. पिचकणं गेलं पण आवाज पडला. वहीतलं पान काढलं. मी ०.२ लिहिलेली ती एकूण फट होती. आणि चुंबकीय फ्लक्स मधल्या दांड्यातून एकदा आणि बाजूच्या दांड्यातून एकदा, असं त्या सांध्याला दोनदा ओलांडतं, म्हणून कागदाची जाडी निम्मी. एका पुस्तकात आकडा एकूण फटीचा असतो, दुसऱ्यात कागदाच्या जाडीचा, आणि दोन्हीकडे शब्द गॅपच. एक कागद काढला, पट्ट्या परत आवळल्या. ०.८८ आलं. ७० हर्ट्‌झला आता ४.३ व्होल्टपर्यंत लाट स्वच्छ.

या ओळीचे तिन्ही रकाने भरायला दोन महिने लागले.

१३ ऑक्टोबर

निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देणं. ६५ मिलिव्होल्ट आत टाकले की ५ व्होल्ट बाहेर, म्हणजे गेन ७७, मोबाइलसाठी हे फारच जास्त, त्यातला जास्तीचा फीडबॅकला द्यायचा. ईसीसी८३ च्या कॅथोडखाली १०० ओहम, सेकंडरीवरून २.२ के. सूत्राने गेन १७.७ व्हायला पाहिजे, मोजला १७.४. पहिल्यांदा जोडल्यावर भोंगा वाजला, सेकंडरीची टोकं उलटी होती, अदलाबदल केल्यावर शांत. फीडबॅकचा सिद्धांत टर्मनकडे सगळ्यात नीट आहे, पण टोकं उलटी लागली तर काय होईल हे बांधणाऱ्यांच्या पुस्तकातच मिळतं.

२७ ऑक्टोबर

चाचा परत आले. तोच तंबोरा, तोच बॉक्स. प, मग जोडीच्या दोन तारा, मग खर्ज. खर्ज आला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि परत पहिल्यापासून लावायला सांगितलं. तीन वेळा ऐकला. मग म्हणाले, "आता लावा खाँसाहेबांचं."

लावलं. चहा गार झाला.

१० नोव्हेंबर

दुसरा चॅनल करायचा ठरलं. टेबलावर आता चारच पुस्तकं राहिलीत. डेटाशीटची फाइल डाव्या हाताला, ब्लेन्को उघडा, जोन्स त्याखाली, रेडिओट्रॉनचे चार भाग मागे शेल्फवर सूचीचा भाग पुढे काढून. मिलमन लायब्ररीला परत केलं, टर्मन अजून आठवडाभर ठेवून घेतलंय. व्हॅली-वॉलमन वरच्या कप्प्यात आहे, फोनो प्रीअँप (रेकॉर्ड प्लेअरसाठीचा) करायला घेईन तेव्हा नॉइजच्या भागासाठी खाली येईल.

विद्यार्थ्यांपैकी दोघंजण शनिवारी लोडलाइन काढायला येणार आहेत, त्यांच्यासाठी ए३ च्या चार झेरॉक्स काढून ठेवल्या. उद्या वाइंडिंगला दुसरा ट्रान्सफॉर्मर द्यायचाय, या वेळी तोंडी काही नाही, चिठ्ठीवर लाल पेनने लिहिलंय : ई सगळ्या एका बाजूने, आय दुसऱ्या बाजूने, मध्ये साधा कागद एकच, व्हार्निश मी सांगेपर्यंत नको.